पाळक येईपर्यंत

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक (पास्टर) गेल्या वर्षी जूनमध्ये निवृत्त झाले, तेव्हापासून व्यासपीठामागची उंच खुर्ची रिकामी आहे. दक्षिण महाराष्ट्रातील अडतीस कुटुंबांची ही मंडळी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभी राहिली, आणि कागदोपत्री नाव बदलले असले तरी तिच्या सवयी अजून प्रेस्बिटेरियनच आहेत: वडिलांची, म्हणजे मंडळीच्या नेमलेल्या ज्येष्ठ कारभाऱ्यांची सभा, मिनिटबुक, ठराव, अनुमोदन. गेल्या दोन सर्वसाधारण सभांत मात्र या सवयींचा मागमूस दिसला नाही. एक बाजू म्हणत होती की कोणीही चालेल, पण पाळक ताबडतोब आणा, नाही तर तरुण मुले शहरातल्या नव्या फेलोशिपांकडे, म्हणजे स्वतंत्र उपासनागटांकडे, निघून जातील. दुसरी बाजू हिशेबाची वही उघडून सांगत होती की अडतीस कुटुंबांना पाळकाचा पगार झेपत नाही, तेव्हा तालुक्याच्या मोठ्या मंडळीत विलीन व्हावे आणि हा विषय कायमचा मिटवावा. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडल्या, पण दोघींच्या बोलण्याखाली एकच गृहीतक होते, की पाळक नसलेली मंडळी ही अर्धवट मंडळी. मला ते गृहीतकच मान्य नाही. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत मंडळीचा कारभार वडिलांकडे असतो आणि दोन पाळकांमधला काळ हा त्या व्यवस्थेने आधीच गृहीत धरलेला काळ आहे. तो घाईने संपवू नये, मंडळी बुडवून तर मुळीच संपवू नये. त्या काळात वडिलांनी आपले काम नीट शिकावे आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार चालवण्याचा मर्यादित अधिकारही त्यांना मिळावा, असे माझे म्हणणे आहे.

ज्या ग्रीक शब्दावरून ‘प्रेस्बिटेरियन’ हे नाव आले त्याचा अर्थच ‘वडील’ असा आहे, हे आपण शब्बाथ शाळेत शिकतो आणि मोठेपणी विसरतो. पौलाने तीताला क्रेत बेटावर मागे ठेवले ते नगरोनगरी वडील नेमण्यासाठी. 1560 साली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली तेव्हा देशभरातल्या शेकडो मंडळ्यांना पुरतील इतके पाळक त्या सुधारणेचे नेते जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांपाशी नव्हते. म्हणून त्यांनी ‘वाचक’ नेमले. हे लोक रविवारी शास्त्रपाठ वाचत, ठरलेल्या प्रार्थना म्हणत, आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन यांना हात लावत नसत. ज्या मंडळीपासून जगभरच्या प्रेस्बिटेरियनांची वंशावळ सुरू होते, तिची सुरुवातच बहुतेक ठिकाणी पाळकाविना झाली. मग आज एक वर्ष खुर्ची रिकामी राहिली म्हणून आपण असे का वागतो, जणू छप्परच उडून गेले आहे?

‘कोणीही चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी स्कॉटलंडच्याच इतिहासातला दुसरा प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. 1712 साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून तिथल्या मंडळ्यांमध्ये पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांकडे दिला. मंडळीने त्या पाळकाच्या नावे ‘बोलावणे’ सह्यांनिशी द्यायचे ही जुनी रीत कायम राहिली, पण हळूहळू ती उपचारापुरती उरली. 1834 साली ऑक्टेरार्डर या गावी एका लॉर्डाने रॉबर्ट यंग नावाचा उमेदवार पुढे केला. 330 कुटुंबप्रमुखांपैकी 287 जणांनी त्याला विरोध नोंदवला. बोलावण्यावर सही करायला गावातले दोघेच पुढे आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायालयाने जमीनदाराचा हक्क उचलून धरला. तशीच गत मार्नोक या खेड्याची. तिथे नको असलेल्या उमेदवाराच्या बोलावण्यावर गावातल्या एकट्या खानावळवाल्याची सही होती. तरीही जानेवारी 1841 मध्ये, बर्फ पडलेले असताना, त्याचा पदग्रहणविधी ठरला. मंडळीच्या लोकांनी आपला निषेध वाचून दाखवला, बाकांवरची आपापली बायबले उचलली आणि ते शांतपणे देवळाबाहेर बर्फात निघून गेले. विधी पूर्ण झाला तो परगावच्या बघ्यांसमोर. पाळक मिळाला, मंडळी गेली. त्या दिवशी मार्नोकमध्ये प्रेस्बिटेरियन मंडळी कुठे होती, व्यासपीठावर की बर्फात?

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूरची नाही. या वादातूनच 18 मे 1843 रोजी चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगले. साडेचारशेहून अधिक पाळक घर, पगार आणि देऊळ सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभे राहिले. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी सगळेच्या सगळे फ्री चर्चबरोबर गेले, त्यांत 1829 पासून मुंबईत काम करणारे जॉन विल्सनही होते. पुण्यातल्या फ्री चर्च मंडळीचे काही काळ पाळक असलेले बाबा पदमनजी आणि जालन्याजवळ बेथेल गाव वसवणारे नारायण शेषाद्री हे त्याच प्रवाहातले. म्हणजे मराठी प्रेस्बिटेरियन परंपरेची एक मुख्य शाखा ‘पाळक कोण, हे कोणी ठरवायचे’ या एका प्रश्नावरच्या झगड्यातून आपल्यापर्यंत आली आहे. त्या परंपरेच्या वारसांनी ‘कोणालाही पाठवा, आम्ही घेऊ’ असा अर्ज लिहावा, यात मला तरी विसंगती दिसते. (आमच्या अर्जाचा मसुदा मीही वाचला होता. त्यात ‘नम्र विनंती’ हे शब्द पाच वेळा आले होते आणि मंडळीला कसा पाळक हवा याचे एकही वाक्य नव्हते.)

यावर सांगितले जाईल की आता काळ बदलला. 1924 साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर बिशप व डायोसीस (बिशपच्या अधिकाराखालचे विभाग) आले. त्यामुळे बदलीचा हुकूम येईल तेव्हा येईल, मंडळीच्या हाती काय आहे? हे म्हणणे अर्धे खरे आहे. नेमणुकीचा अधिकार मंडळीकडून गेला, परंतु त्याबरोबर तिची इच्छा, तिचे मत आणि तिचा कारभार गेला नाही. तो आपणच सोडून दिला. पाळक हाच अध्यक्ष, तोच चिटणीस, तोच कुलूपकिल्लीवाला आणि तोच भांडणाचा पंच अशी सोय वर्षानुवर्षे अंगवळणी पडली आणि वडिलांकडे फक्त अर्पणाच्या थाळ्या फिरवायचे काम उरले. मग तो गेल्यावर पोकळी जाणवली तर नवल काय?

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. संस्कारांचे काय? 1647 साली स्कॉटलंडने स्वीकारलेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार स्पष्ट सांगतो की बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे रीतसर दीक्षित पाळकाखेरीज कोणीही चालवू नयेत. धर्मसुधारक कॅल्विनने तर सुइणींनी मरणोन्मुख बाळाला दिलेला बाप्तिस्माही नाकारला. वर नॉक्सचे वाचक मी उदाहरणादाखल दिले, त्यांनाही ही मर्यादा होतीच. आमच्या मंडळीत गेल्या चौदा महिन्यांत प्रभुभोजन दोनदा झाले, दोन्ही वेळा शेजारच्या तालुक्यातले पाळक रविवारी दुपारी आपली उपासना आटोपून आले आणि भाकर व द्राक्षारस देऊन संध्याकाळच्या एस.टी.ने परतले. दोन बाळांचे बाप्तिस्मे लांबले. हे दुःख खरे आहे आणि त्याला ‘व्यवस्थेची कसोटी’ वगैरे नाव देऊन ते कमी होत नाही.

परंतु ही मर्यादा घालण्यामागचा हेतू काय होता, हे विचारायला हवे. दीक्षित माणसाच्या हातात काही अलौकिक शक्ती उतरते आणि त्याच्या स्पर्शाने भाकर पालटते, असे सुधारणावाद्यांनी कधीच मानले नाही. उलट त्याच कल्पनेविरुद्ध ते उठले होते. संस्कार वचनापासून तुटू नयेत, कोणीही उठून आपल्या घरी टेबल मांडू नये आणि कोण सहभागी होतो याची जबाबदारी कोणावर तरी असावी, म्हणजे सुव्यवस्था राहावी, हा त्यांचा आग्रह होता. वडीलही दीक्षितच असतात, प्रार्थनापूर्वक आणि मंडळीसमोर वचन देऊन नेमलेले. वरिष्ठ मंडळाने एखाद्या प्रशिक्षित वडिलाला, ठरावीक मंडळीपुरते आणि ठरावीक मुदतीपुरते, लेखी अधिकार दिले तर त्या सुव्यवस्थेचा कोणता धागा तुटतो? अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चने ही वाट स्वीकारली आहे; तिथे प्रेस्बिटरीने, म्हणजे परिसरातल्या मंडळ्यांवरच्या सभेने, शिकवून, तपासून नेमलेले वडील लहान मंडळ्या सांभाळतात आणि परवानगी असेल तर प्रभुभोजनही देतात. त्याच देशाने उलट टोकाचा अनुभवही घेतला आहे. 1800च्या सुमारास केंटकी आणि टेनेसीच्या सीमाभागात धार्मिक संजीवनाची लाट आली, मंडळ्या वाढल्या आणि पाळक पुरेनात. कंबरलंड प्रेस्बिटरीने कमी शिकलेल्या पण कामाच्या माणसांना परवाने दिले. सिनड या तिच्या वरच्या सभेने शिक्षणाच्या नियमावर बोट ठेवून त्या प्रेस्बिटरीचे अस्तित्वच संपवले. 1810 साली तीन पाळकांनी वेगळी प्रेस्बिटरी स्थापली आणि कंबरलंड प्रेस्बिटेरियन चर्च जन्माला आले. सिद्धांताचे मतभेदही त्या वादात होते, पण ठिणगी पडली ती पाळकांच्या तुटवड्यातून. नियम राखला गेला आणि मंडळ्या हातच्या गेल्या.

दुसरा आक्षेप मरणाचा आहे, आणि तो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. रात्री अडीच वाजता घरात माणूस जातो तेव्हा तात्त्विक विवेचन नको असते, दारात पाळकसाहेब हवे असतात. मार्चमध्ये आमच्याकडे एका आजी वारल्या. दफनाची उपासना कोणी चालवायची यावर सकाळी सात वाजता फोनाफोनी सुरू झाली, आणि शेवटी ती चालवली निवृत्त शिक्षक असलेल्या एका वडिलांनी. हात थरथरत होते, वचनाचे पान दोनदा चुकले. तरीही कबरस्तानातून परतताना त्या आजींचा मुलगा म्हणाला ते मी विसरलेलो नाही: “काका आईला चाळीस वर्षं ओळखत होते.” बदलीवर आलेला पाळक हे कुठून आणणार? याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे लिहिले आहे. त्यांनी प्रार्थना करावी, तेल लावावे. हे वचन आपण इतक्या वेळा वाचतो आणि तरी आजारी माणसाच्या घरी जायचे ते पाळकांनीच, असे का धरून चालतो? वडिलांचे हात थरथरतात, कारण त्यांनी हे काम कधी केलेले नसते. केले तर थरथरणार नाहीत.

संदेशाची, म्हणजे रविवारच्या उपदेशाची, गोष्ट मात्र मी विरोधकांना बरीचशी देऊन टाकतो. पाळक नसताना व्यासपीठावरून जे ऐकावे लागले त्यात तीन रविवार तरी मोबाइलवर आलेले बोधवाक्यांचे पीठ होते, आणि एकदा एका उत्साही पाहुण्याने प्रकटीकरणाच्या पुस्तकावरून जगाच्या अंताचा महिनाही सांगून टाकला. ग्रीक आणि हिब्रूशी ओळख असलेला, चार वर्षे सेमिनरीत घासलेला माणूस आणि हौशी वक्ता यांच्यातला फरक कोणी नाकारू नये. परंतु प्रत्येक रविवारी नवा संदेश झालाच पाहिजे, असे कोणी सांगितले? नॉक्सचे वाचक वाचत असत. चांगला छापील उपदेश नीट वाचणे हे वाईट उपदेश रचण्यापेक्षा केव्हाही बरे. आपल्या मराठी मंडळीपाशी तर आणखी एक ठेव आहे. नारायण वामन टिळकांची गीते ‘उपासना-संगीत’ या आपल्या गीतसंग्रहात आहेत, आणि त्यांतले सिद्धांतज्ञान आपल्या मंडळीतल्या निरक्षर आजीलाही तोंडपाठ असते. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले. कीर्तनकाराला दीक्षा लागत नाही, तयारी लागते. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात फुटीनंतर फ्री चर्चपाशी पाळकांची वानवा होती, तेव्हा तिथल्या मंडळ्या गेलिक बोलणाऱ्या साध्या शेतकऱ्यांनी धरून ठेवल्या. लोक त्यांना नुसते ‘माणसे’ म्हणत. प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी कोणीतरी एक प्रश्न मांडायचा आणि या ‘माणसांनी’ एकामागून एक उठून आपल्या अनुभवातून त्यावर बोलायचे, अशी तिथली रीत होती. आपल्याकडे गुरुवारच्या प्रार्थनासभेला असे काही का होऊ नये?

सर्वांत अप्रिय मुद्दा भांडणांचा. पाळक नसला की गट डोके वर काढतात, हे खरे आहे. आमच्याकडे पहिला वाद उपासनेवरून झालाच नाही, पाळकांच्या बंगल्याच्या किल्लीवरून झाला: ती खजिनदारांकडे राहावी की चिटणिसांकडे, यावर दोन बैठका गेल्या, आणि त्यात मीही आवाज चढवला होता हे इथे लिहून ठेवतो. त्यातच ‘वडीलशाही’चा धोका असतो, दोन-तीन घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वडीलपणा आपसांत वाटून घ्यायचा आणि मिशनच्या काळातल्या जमिनींचे कागद आपल्या कपाटात ठेवायचे, असे प्रकार ऐकिवात आहेत. पण हे गट पाळक असताना नव्हते काय? होते, एक गट पाळकांच्या बाजूचा आणि एक विरोधातला, एवढाच फरक. पाळकाच्या आड लपलेले भांडण उघड्यावर आले तर त्यावर उपाय करता येतो. वडिलांची मुदत ठरवावी, निवड गुप्त मतदानाने व्हावी, हिशेब दर तिमाहीला फलकावर लागावा, आणि पाळकाविना असलेल्या मंडळीच्या वडीलसभेचे अध्यक्षपद नेहमी बाहेरच्या मंडळीच्या पाळकाकडे असावे. ही शेवटची तरतूद स्कॉटिश व्यवस्थेत पूर्वीपासून आहे. प्रेस्बिटरी शेजारच्या पाळकाला तात्पुरता मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष, नेमते, आणि पुढचा पाळक मंडळी निवडते ती त्याच्या देखरेखीखाली. दीडशे किलोमीटरवरचा माणूस नको, तीस किलोमीटरवरचा पुरे. महिला मंडळाला वडीलसभेत जागा द्यावी हे वेगळे सांगायला नको, कारण गेल्या चौदा महिन्यांत दर रविवारी देऊळ उघडले ते कोणामुळे, हे सगळ्यांना माहीत आहे.

विलीनीकरणवाल्यांची आकडेमोड बरोबर आहे. त्यातून ते काढतात तो निष्कर्ष चूक आहे. अडतीस कुटुंबांना पूर्णवेळ पाळक परवडत नाही, हे मान्य. पण पाळक वाटून घेणे आणि मंडळी बुडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिझोराममध्ये एका पाळकाकडे अनेक स्थानिक मंडळ्यांचा मिळून एक ‘बिआल’ असतो. म्हणजे कोणत्याही रविवारी तिथल्या बहुतेक मंडळ्यांत पाळक हजर नसतो आणि ‘उपा’ म्हणजे वडील उपासना, शिस्त, हिशेब सगळे पाहतात. पहिल्या मिझो पाळकाला दीक्षा मिळाली ती 1913 साली. त्याआधीच, 1910च्या सुमारास, स्वयंपाकाच्या वेळी प्रत्येक घराने मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची प्रथा सुरू झाली होती. कोरियात सोरे गावची मंडळी तर परदेशी मिशनरी पोचण्याआधी तिथल्याच लोकांनी जमवली, आणि पहिल्या सात कोरियन पाळकांना प्याँगयाँगमध्ये 1907 साली दीक्षा मिळेपर्यंत गावोगावच्या मंडळ्या स्थानिक माणसेच चालवत होती. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्याच कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या टापूत, बेने इस्राएल या ज्यू समाजाने रब्बीशिवाय, म्हणजे धर्मगुरूशिवाय, शतके काढली. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवला म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी राखले. हिब्रू विसरले, बरेच सणही विसरले. पुढे कोचीनकडून गुरू आले, आणि विल्सनसारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळांतूनही त्यांच्या मुलांना हिब्रू शिकायला मिळाले. या उदाहरणाची दुसरी बाजू मी लपवत नाही: शिक्षकाविना समाजाचे नुकसान झालेच. पण शिक्षक आला तेव्हा शिकायला समाज शिल्लक होता. तालुक्याच्या मंडळीत विरघळून गेलेल्या आमच्या अडतीस कुटुंबांतली किती कुटुंबे दर रविवारी सकाळी साडेसातची एस.टी. पकडतील? वृद्ध नाहीत, गुरे असलेले नाहीत, आणि ज्यांना न येण्यासाठी निमित्तच हवे होते ते तर नाहीतच.

पैशाचा एक मोह मात्र दोन्ही बाजूंना दिसत नाही. पाळक नसताना पगार वाचतो. पहिल्या सहा महिन्यांत शिल्लक वाढली तेव्हा आमच्या बैठकीत समाधानाची एक कुजबुज झाली आणि लगेच देवळाला नव्या फरशा बसवण्याचा ठराव आला. या वाटेने गेलेली मंडळी पाळकाविना राहायला शिकते, पण चुकीच्या कारणासाठी. वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि तिचा निम्मा भाग तरी माणसांवर खर्च व्हावा. सेरामपूरच्या सिनेटचे धर्मशिक्षणाचे बहिःस्थ अभ्यासक्रम नोकरी-शेती सांभाळून करता येतात; पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. दोन वडील आणि महिला मंडळातली एक बाई अशा तिघांची फी त्या फरशांच्या खर्चापेक्षा नक्कीच कमी होईल.

तरुण मुलांबद्दल शेवटी बोलतो, कारण सभेत सर्वांत जास्त गहिवर त्यांच्या नावाने काढला गेला. ती शहरातल्या फेलोशिपांकडे जातात हे खरे. पण ती जायला लागली तेव्हा आमचे पाळक जागेवर होते. तिथे त्यांना गिटार, माइक, वचनवाचन, साक्ष असे काही ना काही करायला मिळते, आणि आमच्याकडे त्यांना शेवटच्या बाकावर जागा मिळते. गेल्या ऑक्टोबरमध्ये उपासना चालवायला कोणी नव्हते म्हणून नाइलाजाने तरुण संघाला एक रविवार दिला. त्यांनी टिळकांचे गीत ढोलकीवर घेतले, चाल जरा पळवली, आणि पहिल्या बाकावरच्या एका वडिलांनी भुवया चढवल्या. त्या रविवारी हजेरी सत्तेचाळीस होती. मिनिटबुकात आकडा आहे. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेसमोर अर्जाचा नवा मसुदा यायचा आहे. त्यात पाळकाची मागणी असावीच, पण तिच्या आधी, पहिल्या कलमात, दोन वडिलांना वर्षभरासाठी प्रभुभोजन देण्याची लेखी परवानगी मागावी, आणि ती दोन नावे मंडळीने गुप्त मतदानाने ठरवलेली असावीत, एवढा दुरुस्ती ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक अजून मिळायचा आहे.